सोकोरोचा होला: जिवंत असूनही नामशेष कसा?

युरोपातल्या कुठल्या तरी प्राणिसंग्रहालयात सोकोरो होल्याचं पिल्लू जन्मल्याची बातमी अधूनमधून येते. सोबत पिल्लाचा फोटो असतो आणि खाली एक वाक्य हमखास असतं: ही जात १९७२ नंतर जंगलात कुणालाही दिसलेली नाही. वाचणारा इथे अडतो. पिल्लू समोर दिसतंय, त्याचे आईबाप आहेत, मग जात संपली कशी? आणि पक्षी शिल्लक आहेत, तर ते विमानात घालून बेटावर नेऊन सोडायला कुणी अडवलंय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं नुसती पक्ष्यात शोधली तर अर्धीच सापडतात, कारण या गोष्टीत पक्ष्याआधी बिघडलं ते त्याचं बेट. म्हणून सुरुवात बेटापासून करू.

समुद्रातून वर आलेला डोंगर

मेक्सिकोच्या पश्चिमेला, प्रशांत महासागरात रेवियाहिहेदो नावाचा चार बेटांचा समूह आहे. सोकोरो हे त्यातलं सर्वांत मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे १३२ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाहून थोडं जास्त. अक्षांश जवळजवळ आपल्या लोणावळ्याचा. सगळ्यांत जवळची मुख्य भूमी म्हणजे बाहा कॅलिफोर्निया या लांबट द्वीपकल्पाचं दक्षिण टोक, आणि तेही साडेचारशे किलोमीटरहून दूर.

बेट म्हणजे एव्हरमन नावाच्या ज्वालामुखीचा पाण्याबाहेर आलेला भाग. त्याचं शिखर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं उंच आहे. हा ज्वालामुखी अजून विझलेला नाही. १९९३ मध्ये बेटाच्या पश्चिमेला समुद्राखाली उद्रेक झाला, तेव्हा तापलेले, वाफा सोडणारे दगड लाटांवर तरंगताना लोकांनी पाहिले.

हा डोंगर मुख्य भूमीला कधीच जोडलेला नव्हता. इथे जे जे जगतं त्याचे पूर्वज उडत आले, वाऱ्यावर आले किंवा लाटांबरोबर वाहत आले. यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी स्वतःहून सोकोरोवर पोहोचला नाही. उंदीर नाही, कोल्हा नाही, मांजर नाही. शिकारी होते, पण ते आकाशातले. लाल शेपटीचा एक दणकट शिकारी पक्षी आजही बेटावर घिरट्या घालतो.

किनाऱ्याजवळ निवडुंग आणि रखरखीत झुडपं आहेत. वर चढत गेलं की चित्र पालटतं. शिखराला ढग अडतात, धुकं खाली उतरतं आणि साधारण ५०० मीटरच्या वर ओलसर, दाट सावलीचं जंगल सुरू होतं. तिथली झाडं आपल्याला अनोळखी असली तरी त्यांची कुळं ओळखीची आहेत. एक झाड वड-उंबराच्या जातकुळीतलं, दुसरं चिकू आणि मोहाच्या कुळातलं, तिसरं कॉफीच्या. यांची फळं आणि बिया खाली पडतात, पाचोळ्यात मिसळतात. सोकोरो होल्याचं घर म्हणजे हा पाचोळा, झाडांच्या बुंध्यांमधली ही सावलीतली जमीन. नकाशावर बेट १३२ चौरस किलोमीटरचं असलं तरी होल्याला खऱ्या अर्थानं मानवणारा भाग त्याहून पुष्कळ लहान होता.

होला कसा आहे?

आपल्या अंगणात, गच्चीवर दिसणाऱ्या होल्यापेक्षा हा वेगळा. डोकं आणि छाती दालचिनीच्या रंगाची, पाठ तपकिरी, मानेच्या बाजूला चमकणारा गुलाबी डाग. पाय लांब आणि मजबूत, कारण याचा बहुतेक दिवस जमिनीवर चालण्यात जायचा. फळं आणि बिया वेचायच्या, गरज पडली तर फांदीवर बसायचं.

एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू जॅक्सन ग्रेसन हा अमेरिकन चित्रकार आणि पक्षी अभ्यासक सोकोरोवर गेला होता. १८७१ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव मिळालं ते त्याच्यावरूनच: झेनाइडा ग्रेसोनी. ही जात जगात सोकोरोखेरीज कुठेही नव्हती. अशा, एकाच ठिकाणी सापडणाऱ्या जातीला प्रदेशनिष्ठ म्हणतात.

या होल्याला माणसाची भीती वाटत नसे. याला भोळेपणा म्हणावंसं वाटतं, पण तो शब्द अन्याय करणारा आहे. भीती ही महागडी गोष्ट आहे. सतत मान वर करून पाहणारा, पान हललं की उडून जाणारा पक्षी कमी खातो आणि जास्त दमतो. जिथे जमिनीवरून झडप घालणारं कुणीच नाही, तिथे न घाबरणारे पक्षी चांगले पोसले जातात आणि त्यांचीच पिल्लं जास्त जगतात. हजारो पिढ्यांनंतर जमिनीवरच्या शत्रूची भीती जातीच्या स्वभावातूनच निघून जाते. गॅलापागोस बेटांवर सतराव्या शतकात पोहोचलेल्या खलाशांनी लिहून ठेवलं आहे की तिथले होले त्यांच्या टोप्यांवर आणि हातांवर येऊन बसत. सोकोरोच्या होल्याचा स्वभाव त्याच्या बेटाला अगदी बरोबर जुळलेला होता. बेट बदललं आणि तोच स्वभाव त्याच्या जिवावर उठला.

आधी मेंढ्या आल्या

१८६९ मध्ये सोकोरोवर मेंढ्या सोडल्या गेल्या. त्या काळात अशी पद्धतच होती. दूरच्या बेटावर चार जनावरं सोडायची, ती आपोआप वाढतात, पुढे मांस आणि लोकर मिळते. सोडणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि परिणाम काय होईल हे सांगणारं कुणीही नव्हतं.

मेंढ्या रानटी झाल्या आणि वाढल्या. मेंढी मोठं झाड पाडत नाही. ती कोवळी रोपं खाते, आणि नुकसान तिथेच दडलेलं असतं. जुनी झाडं उभी असतात, लांबून जंगल हिरवंगार दिसतं, पण त्याखाली पुढची पिढी उगवतच नाही. म्हातारी झाडं एकेक करून पडतात आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही. खालचा झुडूपथर गेला की जमीन उघडी पडते, खुरांनी घट्ट होते, पावसाचं पाणी मुरण्याऐवजी मातीसकट वाहून जातं. बेटाचा दक्षिणेकडचा मोठा पट्टा असा झिजून लाल-बोडका झाला.

होल्यासाठी याचा अर्थ दुहेरी होता. अन्न कमी झालं आणि आडोसाही गेला. तरीही मेंढ्या आल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षं होला बेटावर टिकून होता. त्याची संख्या घटली असणार, जागा आक्रसली असणार, पण तो होता. म्हणून सगळा दोष मेंढ्यांवर टाकून चालत नाही.

मग मांजरं

१९५७ मध्ये मेक्सिकोच्या नौदलानं सोकोरोवर तळ उभारला. त्याआधी बेटावर कायमची वस्ती नव्हती. माणसं आली की त्यांच्याबरोबर उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग किंवा सोबतीला मांजरं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेटावर गेलेल्या अभ्यासकांना मांजरं आढळली नव्हती आणि होला मात्र दिसत होता. नौदलाचा तळ झाल्यावर अवघ्या काही वर्षांत मांजरं रानात पसरली. १९७२ ही होल्याच्या शेवटच्या नोंदीची तारीख. १९७८ मध्ये आणि त्यानंतर शोध घेणाऱ्यांना एकही पक्षी दिसला नाही.

मांजरांनी होले खाताना कुणी मोजणी केलेली नाही. पण काळाचा क्रम पाहिला, होल्याची जमिनीवर चालण्याची सवय पाहिली, त्याची निर्भयता पाहिली, तर मुख्य कारण मांजर होतं याविषयी पक्षी अभ्यासकांमध्ये फारसा मतभेद नाही. माणसानं केलेली शिकार आणि मेंढ्यांनी उघडी केलेली जमीन यांनी त्यात भर घातली. आडोसा असता तर काही पक्षी लपले असते. मेंढ्यांनी तो आधीच काढून घेतला होता.

इथे एक प्रश्न हमखास येतो: मांजरं तर जगभर आहेत, आपल्या प्रत्येक गावात आहेत, मग आपले होले कसे टिकले? कारण आपल्याकडचे पक्षी रानमांजर, मुंगूस, साप, कोल्हा यांच्यासोबतच घडले. आपला होला दाणे टिपताना माणूस चार हातांवर आला की फडफडत उडतो. सोकोरोच्या होल्याला हे शिकायला काही वर्षं मिळाली. लागल्या असत्या शेकडो पिढ्या.

मग हे पिंजऱ्यातले पक्षी आले कुठून?

१९२५ मध्ये कॅलिफोर्निया अॅकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेची मोहीम या बेटांवर गेली होती. तिथून १७ जिवंत होले कॅलिफोर्नियाला आणले गेले आणि पक्षी पाळणाऱ्यांच्या हाती गेले. तेव्हा ही जात धोक्यात आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. हौशी पाळणाऱ्यांनी त्यांची पिल्लं वाढवली, एकमेकांना दिली, काही पक्षी पुढे युरोपात पोहोचले. बेटावरचा शेवटचा होला गेला तेव्हा या हौशी लोकांच्या पिंजऱ्यांत त्याचे भाऊबंद जिवंत होते. आज जगातला प्रत्येक सोकोरो होला त्या १७ पक्ष्यांचा वंशज आहे.

आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर देता येतं. धोक्यातल्या प्राण्यांची जी आंतरराष्ट्रीय लाल यादी आहे, तिच्यात 'नामशेष' आणि 'वन्य अवस्थेतून नामशेष' असे दोन वेगळे गट आहेत. पहिल्यात जगात एकही जीव उरलेला नसतो. दुसऱ्यात जीव उरलेले असतात, पण फक्त माणसाच्या देखभालीखाली. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या बळावर जगणारा एकही नसतो. सोकोरो होला या दुसऱ्या गटात आहे. सध्या जगभरात मिळून हे पक्षी दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतील. फ्रँकफर्ट, कोलोन, लंडन, एडिनबरा अशा ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांनी त्यांची पैदास केली आहे.

या दुसऱ्या गटातून बाहेर पडणं शक्य आहे का? आहे, पण फार थोड्यांना जमलं आहे. ग्वाम बेटावरचा उडता न येणारा रेल पक्षी २०१९ मध्ये या गटातून वर आला. त्याआधी पक्ष्यांपैकी फक्त कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडाला ते साधलं होतं.

सतरांपासून दोनशे झाले, मग चिंता कशाची?

शेतकरी बियाणं राखताना शेतभरातली निरनिराळी कणसं निवडतो. समजा, एका वर्षी सगळं धान्य जळालं आणि गावाच्या हाती ज्वारीची सतराच कणसं उरली. पुढच्या सगळ्या पेरण्या त्याच सतरांच्या दाण्यांवर होणार. दहा वर्षांनी खळ्यात मोठी रास पडेल, पण तिच्यात गुण असतील ते सतरा कणसांचेच. एखाद्या किडीला तोंड देण्याचा गुण त्या सतरांत नसेल, तर तो राशीत कुठून येणार?

होल्याचं नेमकं हेच झालं आहे. पक्ष्यांची संख्या वाढवता येते, हरवलेली विविधता वाढवता येत नाही. जवळच्या नात्यात जोड्या लागत गेल्या की दडलेले दोष वर येतात: अंडी उबत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात, रोगाला लवकर बळी पडतात. याला अंतःप्रजनन म्हणतात. म्हणून प्राणिसंग्रहालयं वंशावळीची नोंदवही ठेवतात. कुठल्या नराची जोडी कुठल्या मादीशी लावायची हे रंगरूप पाहून ठरत नाही, कुणाचे आजी-आजोबा कोण होते हे पाहून ठरतं. त्यासाठी पक्षी एका देशातून दुसऱ्या देशात पाठवले जातात.

यात आणखी एक गुंता होता. हौशी पाळणाऱ्यांकडे असताना काही सोकोरो होल्यांचा संकर त्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या चुलतभावाशी, म्हणजे मोर्निंग डव्हशी झाला. दिसायला सोकोरोसारखे, पण रक्त मिसळलेलं. डीएनए तपासून शुद्ध पक्षी वेगळे काढावे लागले आणि त्यात मुळातच छोटा असलेला साठा आणखी छोटा झाला.

आणि स्वभावही सोपा नाही. होला म्हटलं की आपल्याला गरीब पक्षी आठवतो. सोकोरोचा होला मात्र आपल्या हद्दीबद्दल कमालीचा भांडखोर आहे. एका पिंजऱ्यात दोन जोड्या ठेवल्या तर एकमेकांना जखमी करतात, कधी नर स्वतःच्या मादीलाही झोडपतो. प्रत्येक जोडीला स्वतंत्र जागा लागते, त्यामुळे कुठल्याही प्राणिसंग्रहालयात मोठा थवा ठेवता येत नाही. दोनशेचा आकडा लवकर पाचशे का होत नाही, याचं हे एक साधं कारण आहे.

मांजरं असताना नुसतं नेऊन सोडलं तर?

तर ते मरतील. इतकं सरळ उत्तर आहे. ज्या कारणानं जात संपली ते कारण जागेवर असताना पक्षी सोडणं म्हणजे मांजरांना खाऊ घालणं. म्हणून क्रम असा ठरला: आधी मेंढ्या, मग मांजरं, मग जंगल, आणि सगळ्यांत शेवटी होला.

मेक्सिकोतल्या ग्रुपो दे इकोलोहिया इ कॉन्सेर्वासिओन दे इस्लास या, बेटांच्याच कामाला वाहिलेल्या संस्थेनं २००९ ते २०१२ दरम्यान सोकोरोवरच्या मेंढ्या पूर्णपणे काढल्या. एकूण १,७६२. हेलिकॉप्टर, नेमबाज आणि तरबेज कुत्रे वापरले. शेवटच्या काही मेंढ्या शोधणं सगळ्यांत अवघड असतं, कारण त्या घळींमध्ये दडतात. त्यासाठी एक युक्ती केली. काही मेंढ्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधून त्यांना मोकळं सोडलं. मेंढी एकटी राहू शकत नाही. ती आपल्या जातीच्या उरलेल्यांना शोधत जाते आणि पट्ट्याचा संदेश शोधपथकाला तिथे नेऊन पोहोचवतो.

हे वाचून पोटात कालवतं, आणि ते योग्यच आहे. मेंढ्यांचा काय गुन्हा? काहीच नाही. एका प्राण्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारणं बरोबर का, हा आक्षेप मी हलका मानत नाही. माझं उत्तर असं की मेंढ्या जगात सगळीकडे आहेत, सोकोरोचं जंगल एकच आहे. आणि मेंढ्या ठेवल्या असत्या तरी शेवटी जंगल संपल्यावर त्याही उपाशीच मरणार होत्या, बाकी सगळ्यांना सोबत घेऊन. जिवंत पकडून साडेचारशे किलोमीटर समुद्रापार नेणं, त्या खडकाळ घळींमधून, शक्य असतं तर तेच करायला हवं होतं.

मेंढ्या गेल्यावर जमिनीनं जो प्रतिसाद दिला तो मात्र आनंदाचा आहे. काही वर्षांतच उघड्या उतारांवर गवत, झुडपं आणि झाडांची रोपं धरली, माती पुन्हा मोकळी होऊ लागली. कुणी रोपं लावली नव्हती. बिया मातीत वाट बघत होत्या, खाणारी तोंडं हटायचा अवकाश होता.

मांजरांचं काम २०११ पासून सुरू आहे आणि ते फार चिवट काम आहे. मांजर कळपात राहत नाही, रात्री फिरतं, एकदा सापळा चुकवलेलं मांजर दुसऱ्यांदा सहज फसत नाही. पाय पकडणारे मऊ सापळे बेटभर लावून, रोज तपासून, शेकडो मांजरं काढली गेली. पण अशा मोहिमेत नव्वद टक्के यश म्हणजे यश नसतं. एक नर आणि एक मादी राहिली तरी काही वर्षांत सगळं पहिल्यासारखं होतं. बेटावर घरगुती उंदीर अजून आहेत, म्हणजे मांजराला खायला कमी नाही. आणि नौदलाच्या तळावर सामान घेऊन जहाजं येत-जात राहणार, त्यामुळे त्यातून नवा प्राणी उतरणार नाही याचा पहारा कायमचा ठेवावा लागणार.

बेटावर आज दुसरा होला आहेच, मग काय बिघडलं?

हा आक्षेप सगळ्यांत टोकदार आहे. सोकोरोचा होला नाहीसा झाला त्याच सुमाराला, १९७० च्या दशकात, तो वर उल्लेखलेला चुलतभाऊ, मोर्निंग डव्ह, स्वतःच्या पंखांनी बेटावर येऊन स्थायिक झाला. निसर्गानं रिकामी जागा भरली, असं कुणी म्हणू शकेल.

पण जागा भरली का? मोर्निंग डव्ह हा उघड्या माळाचा, शेतांचा, रस्त्याकडेचा पक्षी आहे. लहान, हलका, उडण्यात पटाईत. मेंढ्यांनी उघड्या केलेल्या बेटावर त्याचं फावलं. दाट जंगलाच्या पाचोळ्यात चालत फिरणारा, जड बांध्याचा पक्षी त्याच्या येण्यानं परत आला नाही. जे आलं ते जगात कोट्यवधींच्या संख्येनं आहे. जे गेलं ते एकमेव होतं.

खरी काळजी वेगळीच आहे. हे दोघे पिंजऱ्यात एकमेकांशी जोडी जमवतात. उद्या सोकोरोचे वीस-पंचवीस होले सोडले आणि आजूबाजूला हजार मोर्निंग डव्ह असले, तर चार पिढ्यांत त्यांची ओळख पुसून जाऊ शकते. मला वाटतं, यावरचा खरा उपायही जंगलच आहे. दाट रान जितकं खाली उतरेल तितका माळाच्या पक्ष्याचा वाव कमी होईल आणि दोघांचे रस्ते कमी वेळा एकमेकांना छेदतील. पण सोडण्यासाठी पहिल्या तुकडीतच पुरेसे नर आणि माद्या हव्यात, म्हणजे आपल्या जातीतला जोडीदार न सापडण्याची वेळ येणार नाही.

जाती तर नामशेष होतच असतात, मग एवढा खटाटोप का?

होतात, खरं आहे. सोकोरोच्या शेजारी सॅन बेनेदिक्तो नावाचं बेट आहे. १९५२ मध्ये तिथल्या बार्सेना ज्वालामुखीचा उद्रेक झाला, सगळं बेट राखेखाली गेलं आणि तिथेच राहणारा एक छोटा गाणारा पक्षी, रॉक रेनची तिथली पोटजात, कायमची संपली. त्यात कुणाचा दोष नाही. बेटावरचं आयुष्य असंच कड्यावरचं असतं. सोकोरोचा होला मात्र ज्वालामुखीनं मारला नाही. त्याचा शेवट आपण होडीतून उतरवला, आणि त्यातली प्रत्येक पायरी माहीत असल्यामुळे ती उलट चढताही येते. माझ्या लेखी फरक तो आहे.

होला गेला म्हणून जंगल कोसळलं, असा दावा करणं खोटं ठरेल. होले बहुतेक बिया पोटात दळून टाकतात, त्यांना झाडांचे माळी म्हणता येत नाही. पण होल्याच्या निमित्तानं जे काम झालं त्याचा लाभ एकट्या होल्यापुरता नाही. सोकोरोवर त्या बेटाखेरीज कुठेही न आढळणारा मॉकिंगबर्ड आहे, एक पोपट आहे, एक सरडा आहे. डोंगराच्या वरच्या भागात बिळं करून अंडी घालणारा एक दुर्मीळ समुद्रपक्षी आहे, ज्याला मांजरं सहज मारत होती. मेंढ्या हटल्याचा आणि मांजरं कमी झाल्याचा फायदा या सगळ्यांना मिळतो आहे. २०१६ मध्ये ही बेटं जागतिक वारसा यादीत आली आणि २०१७ मध्ये त्यांच्या भोवतीचा सुमारे १ लाख ४८ हजार चौरस किलोमीटरचा समुद्र राष्ट्रीय उद्यान झाला. तिथे पाणबुडे विशाल मांटा मासे बघायला जातात, पण त्यांच्या नौकेवरून दिसणाऱ्या डोंगरावर काय चाललं आहे हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि होले-कबुतरांच्या कुळात असं काम जमल्याचं उदाहरण आहे. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, तिथलं गुलाबी कबुतर १९९० च्या सुमाराला जंगलात अवघं दहाच्या आसपास उरलं होतं. पिंजऱ्यात पैदास, रानात सोडणं, शत्रूंचा बंदोबस्त, रोज दाणा ठेवणं या सगळ्यांतून ते आज काही शेकड्यांवर गेलं आहे. पण त्याच कबुतराच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२२ मध्ये इशारा दिला की पिंजऱ्यातल्या वेगळ्या वंशाचं रक्त मिसळलं नाही तर पन्नास ते शंभर वर्षांत ते जंगलातून पुन्हा संपू शकतं. सोकोरोच्या होल्याचा पाया त्याहून भक्कम मानण्याचं काही कारण नाही.

मग परत कधी जाणार?

कॅलिफोर्निया अॅकॅडमीतले पक्षीशास्त्रज्ञ लुईस बाप्टिस्टा यांनी हा प्रश्न १९८० च्या दशकापासून लावून धरला होता. २००० मध्ये त्यांचं निधन झालं, होले तेव्हा अजून युरोप-अमेरिकेतल्या पिंजऱ्यांतच होते. युरोपातून मेक्सिकोत पक्षी नेणं बर्ड फ्लूच्या काळातल्या निर्बंधांमुळे अडलं, म्हणून अमेरिकेमार्गे वळसा घ्यावा लागला. २०१३ मध्ये मेक्सिकोच्या पुएब्ला भागातल्या आफ्रिकाम सफारी या उद्यानात होले पोहोचले आणि तिथे पिल्लंही झाली. होल्याच्या स्वतःच्या देशात पिल्लू जन्माला आलं ते जवळजवळ चार दशकांनंतर.

पुढचा टप्पा बेटावरच, डोंगराच्या वरच्या जंगलात मोठे पिंजरे उभारण्याचा. पिढ्यान्‌पिढ्या भांड्यातला दाणा खाल्लेल्या पक्ष्याला रानातलं फळ ओळखायला शिकावं लागतं, धुक्याची, वादळी पावसाची सवय व्हावी लागते आणि वरून येणाऱ्या शिकारी पक्ष्याची सावली ओळखता यावी लागते. दार उघडण्याआधी काही महिने त्याच जागी ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडे ताडोबा आणि पेंचमध्ये २०२४ साली आणलेल्या गिधाडांसाठीही वापरली गेली. सोडलेले पक्षी रेडिओच्या साहाय्यानं महिनोन्‌महिने शोधत राहावे लागतात, आणि पहिल्या तुकडीतले बरेच पक्षी दगावतील हे आधीच धरून चालावं लागतं. म्हणून दहा पक्षी सोडायचे असतील तर मागे पिंजऱ्यात त्यांच्यासारखे अनेक दहा तयार हवेत. जोडीला स्वतंत्र पिंजरा लागणाऱ्या या भांडखोर पक्ष्याच्या बाबतीत तेवढे पिंजरे, तेवढी माणसं आणि तेवढा पैसा मेक्सिकोत एका ठिकाणी उभा करणं, हेच सध्या मांजरांच्या बरोबरीचं मोठं काम आहे.